पाय ठेवा, मग द्या

मी वजनकाटा बोलतोय. सुरुवातीलाच माझी मर्यादा सांगून टाकणं मला रास्त वाटतं. अर्ध्या किलोच्या आतलं मला काही कळत नाही, आणि जे माझ्यावर कधी उभं राहिलं नाही त्याबद्दल मी छातीठोकपणे बोलू शकत नाही. एवढं सोडलं, तर माझ्या बाकीच्या बोलण्यावर खुशाल विश्वास ठेवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वर रबराची काळी गादी, काचेखाली गोल तबकडी, तिच्यावर लाल काटा आणि पोटात चार स्प्रिंगा. शेवटच्या टेबलावर बसलेल्या तपासनिसाने माझ्यावर वीस किलोचं लोखंडी वजन ठेवलं, तेव्हा माझा काटा साडेएकोणिसावरच अडखळला. त्याने माझ्या पोटाखालचं बारकं चाक किंचित फिरवलं, पुन्हा वजन ठेवलं आणि म्हणाला, "आता कसा वळणावर आला!" तेव्हापासून मी वळणावर आहे. अधूनमधून माणसं मला वळणावरून ढळवू पाहतात, तो भाग वेगळा.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते लग्नाला जेमतेम वर्ष झालेल्या एका जोडप्याने. नवऱ्याचं पोट पुढे होतं आणि बायकोचा निश्चय त्याच्याही पुढे. न्हाणीघराच्या दाराशी मला जागा मिळाली. माणूस स्वतःशी किती प्रेमाने लबाडी करतो, हे मी तिथे पाहिलं. नवरा आधी छातीतला सगळा श्वास सोडी, जणू काही हवा शिशाची बनलेली असते. मग एक हात हळूच भिंतीला टेकवी. एवढं करूनही आकडा मनासारखा आला नाही, की मला एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर सरकवी.

"या काट्यातच खोट आहे," तो म्हणे.

"काट्यात नाही, ताटात आहे!" बायको स्वयंपाकघरातून ओरडे.

हळूहळू दोघांचाही उत्साह ओसरला. सासूबाई प्रवासाला निघाल्या की माझ्यावर बॅगा चढत, तेवढाच माझा मान उरला. पुढे मी पलंगाखाली गेलो आणि तीन वर्षं धूळ खात पडलो. शेवटी रद्दीच्या गठ्ठ्याबरोबर माझी रवानगी भंगारवाल्याकडे झाली. त्याने मला आकड्याला अडकवून माझंच वजन केलं. वजनकाट्याला किलोच्या भावाने विकण्याइतका अपमान दुसरा नसेल. पण त्याचं दुःख मी फार काळ बाळगलं नाही, कारण त्याच आठवड्यात मावशी आली.

ती आली, खाली बसली आणि मला उलटं करून तिने माझं पोट पाहिलं. काचेकडे नव्हे, आधी पोटाकडे पाहणारी ती पहिलीच.

"चालतो का हो?"

"चालतोय की. नवाच आहे."

"नवा असता तर तुमच्याकडे कशाला आला असता?"

तिने भंगारवाल्याच्या नळावर दहा लिटरचा हलका डबा काठोकाठ भरला आणि उचलून माझ्यावर ठेवला. माझा काटा अकराच्याही पुढे गेला. पलंगाखालच्या वर्षांनी मला बिघडवलं होतं, हे मी नाकारत नाही. तिने डबा उतरवला, नखाने चाक फिरवलं, पुन्हा डबा ठेवला. असं चार वेळा केलं. काटा दहावर येऊन स्थिर झाला, तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पाणी खोटं बोलत नाही, बाबा. आता तूही बोलू नकोस."

तिची पूर्वकथा मी तिच्याच तोंडून ऐकली आहे, तेवढीच सांगतो. बावीस वर्षं ती एका इस्पितळाच्या प्रसूती विभागात आया होती. नुकत्या जन्मलेल्या बाळांचं वजन करून ते कार्डावर लिहायचं, हे तिचं काम. दुपट्याचं वजन वजा करायला ती कधी विसरली नाही. मग कंत्राट बदललं. नव्या कंत्राटदाराने नवी माणसं आणली, आणि कामाबरोबरच धुलाईखान्यामागची तिची राहायची खोलीही गेली. काही महिने तिने हात पसरला. हे मी लपवणार नाही, कारण तीही लपवत नाही. त्या हातावर जमलेल्या पैशांतूनच तिने मला घेतलं.

इस्पितळाच्या बाहेरच्या भिंतीला लागून, बसथांब्याच्या अलीकडे, आमची जागा ठरली. रात्री शिंप्याच्या दुकानाचं शटर पडलं की त्याच्या वळचणीखाली आम्ही झोपायचो. शिंप्याला हे ठाऊक होतं. ठाऊक नसल्याचं सोंगही तो चोख वठवत असे.

मावशीने पुठ्ठ्यावर कोळशाने लिहून ठेवलं: वजन करून मिळेल. तिला वाटलं, आता प्रश्न सुटला. आता आपण भीक मागत नाही, धंदा करतो. पण माणसांच्या डोळ्यांना सवयी असतात. फुटपाथ, म्हातारी बाई, विटकं लुगडं, एवढं दिसलं की त्यांचा हात आपोआप खिशात जाई आणि नाणं खण्णकन माझ्या काचेवर पडे. पुठ्ठा वाचायला कोण थांबतो! मावशी मागून हाका मारी, "अहो, पाय ठेवा, मग द्या! अहो दादा!" दादा तोवर बसमध्ये चढलेले असत. एक सूटवाले गृहस्थ रोज जाता जाता उपदेश करीत, "हातपाय धड आहेत ना? मग काहीतरी काम करा." त्या वेळी तिच्या एका हातात मला पुसायचं फडकं असे आणि समोर गिऱ्हाईक उभं असे. एकदा एका तरुणीने शिळ्या अन्नाचा डबा माझ्या गादीवर ठेवला. मावशीने वाकून आकडा पाहिला आणि गंभीरपणे सांगितलं, "साधारण अर्धा किलो. झाकण घट्ट लावा, सांडेल." तरुणी गोंधळली, मग हसली, आणि पुढच्या आठवड्यात स्वतः येऊन उभी राहिली.

जे उभे राहत, त्यांच्यात मात्र एक फरक पडे. माझा आकडा वाचायचा तर मान खाली घालावी लागते, आणि मान खाली घातली की समोर बसलेल्या मावशीचा चेहरा दिसतो. मग "कशी आहेस?" असं विचारणं भाग पडतं. मावशीला तर प्रत्येकाचा आकडा पाठ. "मागच्या महिन्यापेक्षा दोन किलो कमी. जेवत नाही का? घरी भांडण झालंय?" निम्म्या वेळा तिचा अंदाज बरोबर ठरे.

आमच्यापासून दहा पावलांवर सावकार बसायचा. त्याचा एक पाय अधू होता आणि त्याचा व्यवसाय निर्विवाद होता: तो भीक मागायचा. येणारा-जाणारा प्रत्येक जण आपलं देणं लागतो, अशा थाटात तो हात पुढे करी, म्हणून त्याला हे नाव पडलं. दर रविवारी मावशी त्याला फुकट माझ्यावर उभं करी. तो एका पायावर भार देई, मग मावशी ओरडे, "दोन्ही टेकव. तू बगळा आहेस का?"

आता त्या दिवसाकडे येतो.

सकाळचे अकरा वाजले असतील. भिक्षेकरी पथकाची जाळीची गाडी थांब्यासमोर उभी राहिली. तिशीतले एक साहेब खाली उतरले. हातात पाटी, पाटीला कागद, कानामागे पेन. सावकार उठण्याच्या भानगडीत पडला नाही. दोघांनी त्याला धरून गाडीत बसवलं. मग साहेब आमच्यासमोर आले.

"उठा आजी. सामान घ्या."

"आजी तुमच्या घरी. मला मावशी म्हणतात. आणि उठून जायचं कुठे?"

"भिक्षेकरी गृहात. इथे भीक मागायला बंदी आहे."

"मग मागणाऱ्याला सांगा. मी वजन करते."

साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी न्यायबुद्धीने सांगतो. ते सावध होते आणि मोजून काम करणारे होते, म्हणजे जवळपास माझ्याच जातकुळीचे. ते म्हणाले, "मी अर्धा तास त्या कोपऱ्यावर उभा होतो. सात जणांनी तुम्हाला पैसे दिले. काट्यावर उभा राहिला एकच. उरलेल्या सहा जणांनी तुम्हाला काय दिलं मग?"

"घाई त्यांना आणि शिक्षा मला?"

"शिक्षा नाही. तिथे दोन वेळचं जेवण आहे, छप्पर आहे."

"आणि दाराला बाहेरून कडी."

साहेबांनी पाटीवरचा कागद सरळ केला. मावशीने माझ्या गादीवर हात ठेवला. त्या दाबाने माझा काटा तीन किलोंवर गेला, पण तिकडे कोणी पाहिलं नाही. आत गेलं की नात्यातल्या कोणी येऊन सोडवावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. तिच्या नात्यात कोणीही नव्हतं. ही जागा, हा पुठ्ठा, पाठ झालेले शंभर आकडे, सगळं मागे राहणार होतं, आणि मी पुन्हा भंगारात.

एवढ्यात ग्रंथपालबाई लगबगीने आल्या. पलीकडच्या वाचनालयात त्या काम करायच्या. दोन वर्षं रोज सकाळी, न चुकता, त्या माझ्या काचेवर नाणं ठेवायच्या. हो, ठेवायच्या, टाकायच्या नाहीत. इतक्या मायेने देणारं दुसरं कोणी नव्हतं. पण माझ्यावर त्या एकदाही उभ्या राहिल्या नव्हत्या.

"साहेब, सोडा हो हिला! गरीब बिचारी आहे. मी सांगते ना, कोणाला त्रास देत नाही, गपचूप बसून असते."

"तुम्ही हिला ओळखता?"

"दोन वर्षं! रोज देते मी."

"वजन करून?"

"छे हो! वजनाचं काय एवढं? तिला तेवढीच मदत."

साहेबांचं पेन कानामागून निघालं आणि कागदावर चालू लागलं. "दोन वर्षं रोज, वजन न करता," ते पुटपुटले. बाईंना प्रथम कळलंच नाही. मग त्यांनी मावशीचा चेहरा पाहिला आणि त्यांच्या हातातली पर्स खाली आली. आपल्या दयेनेच आपण तिला गाडीत बसवतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे... मी तसं नव्हतं म्हणायचं..."

"बाई, आता आणखी मदत नका करू," मावशी हळूच म्हणाली.

गर्दी जमली होती. गर्दी चिरत शिंपी पुढे आला. गळ्यात टेप, कानावर खडू, कपाळावर आठी.

"काय तमाशा आहे? माझ्या दुकानात गिऱ्हाईक शिरेना."

"या बाई इथे भीक मागतात असं आढळलंय," साहेब म्हणाले.

"भीक? ही?" शिंप्याने हातच जोडले. "अहो साहेब, भिकारी निदान आशीर्वाद तरी देतो! ही मला सोमवारी म्हणते, दीड किलो वाढलात, तोंडाला काज-बटण करून घ्या. मी म्हटलं, खिशात कात्री आहे, ती वजा कर. तर म्हणते, अंदाजाने वजा करत नाही. कात्री काढा आणि पुन्हा उभे राहा. राहिलो उभा. तर दोनदा उभे राहिलात म्हणून दोनदा पैसे घेतले माझ्याकडून! चार माणसांत भांडलो, तरी सोडले नाहीत. असा भिकारी दाखवा मला, मी त्याला सदरा शिवून देतो."

गर्दीत हशा पिकला. साहेबांचं पेन थांबलं.

"दोनदा घेतले?" त्यांनी मावशीला विचारलं.

"काम दोनदा केलं," मावशी म्हणाली. तिने माझ्यावरचा हात काढला आणि माझा काटा शून्यावर आला.

तेवढ्यात माझ्या गादीवर दोन पाय आले. ग्रंथपालबाईंनी चपला काढल्या होत्या, डोळे मिटले होते, आणि भर रस्त्यात, एवढ्या लोकांसमोर त्या माझ्यावर उभ्या होत्या. त्या दोन वर्षं का टाळत होत्या, हे मला काटा फिरताच समजलं; पण तो आकडा इथे सांगणं मला शोभणार नाही.

"बाई, आता उभं राहून काय उपयोग?" साहेब म्हणाले. "मागचं तर सगळं दानच झालं ना?"

"दान कसलं?" मावशी ताडकन म्हणाली. "आगाऊ दिलेत त्यांनी. बाईंची दोन वर्षांची वजनं राहिलीत माझ्याकडे. उद्यापासून रोज उभ्या राहतील. काय बाई?"

"रोज?" बाईंनी डोळे उघडले.

"रोज," मावशी म्हणाली.

मग साहेबांनी आधीची ओळ खोडली आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं. "वजन करून देण्याचा व्यवसाय," त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. लोक पांगायला लागले. शिंप्याने गाडीकडे बोट केलं. "हिचं वेगळं. तो जाळीतला मात्र खरा भिकारी आहे. त्याला न्या खुशाल."

मला वाटतं, हे वाक्य नसतं तर मावशी गप्प बसली असती. खात्रीने सांगत नाही. पण ते ऐकताच तिची मान गाडीकडे वळली, हे मी पाहिलं. घटकेपूर्वी ती स्वतः त्याच जाळीच्या दारात होती.

सावकार आतून म्हणाला, "मावशी, माझी चादर तेवढी ठेव. पावसात भिजवू नकोस." त्याने दुसरं काहीच मागितलं नाही. जन्मभर मागत आलेला तो माणूस, नेमका त्याच वेळी मागायला विसरला.

मावशी उठली. "साहेब, आत गेलेला माणूस बाहेर कधी येतो?"

"नात्यातल्या कोणी हमी दिली तर लगेच. मात्र हमी देणाऱ्याला कामधंदा पाहिजे. नाहीतर महिने लागतात. कधी वर्षही."

"आत्ता माझ्यापुढे काय लिहिलंत?"

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "व्यवसाय," ते सावकाश म्हणाले.

"मग हमीचा कागद काढा. तो माझा भाऊ आहे."

"सख्खा?"

"भावाला आणखी प्रकार असतात का?"

"नाव काय भावाचं?"

तिला ठाऊक नव्हतं. ते कोणालाच ठाऊक नव्हतं. "त्यालाच विचारा. मी आपली जन्मभर दादाच म्हणत आले."

"काल तर नुसतं बगळ्या म्हणालीस," जाळीतून आवाज आला. मावशीने तिकडे अशी नजर टाकली की दादा गप्प झाले.

साहेब हसू दाबत म्हणाले, "मावशी, मला खोट्यावर सही करता येणार नाही. हा तुमचा भाऊ आहे, हे मी कशावरून धरू?"

"रविवारी सत्तेचाळीस किलो भरला," मावशी म्हणाली. "त्याआधीच्या रविवारी साडेसत्तेचाळीस. गेल्या वर्षी याच दिवसांत बावन्न होता. डाव्या पायावर भार देत नाही, म्हणून त्याला दोनदा उभं करावं लागतं. थंडीत वजन घटतं, कारण शिळं खाल्लं की त्याला सोसत नाही, आणि थंडीत लोक शिळंच देतात. साहेब, तुम्हाला बहीण असेल. तिला विचारा तुमचं वजन किती. सांगितलं तर याला घेऊन जा."

साहेबांनी पाटीवरच्या गठ्ठ्यातून हमीचा कागद वर काढला. तो भाऊ नव्हता, हे मला ठाऊक होतं, आणि मी खोट्याचा साक्षीदार होत नाही. पण मला कोणी विचारलं नव्हतं. आणि तिने सांगितलेले सगळे आकडे, अर्ध्या किलोसकट, बिनचूक होते.

"पत्ता?" साहेबांनी शेवटचा रकाना दाखवला.

मावशी थबकली. इतका वेळ तिला शब्द अपुरा पडला नव्हता. मग शिंप्याने घसा खाकरला.

"माझ्या दुकानाचा लिहा. तसंही वळचणीला कोण झोपतं, ते मला माहीत नाही असं थोडंच आहे." आणि लगेच आवाज चढवून तो पुढे म्हणाला, "पण आत पाऊल टाकायचं नाही! दोघांनीही!"

मावशीने सही केली. बाळांच्या कार्डांवर करायची तशीच, गोल, वाचता येईल अशी. साहेबांनी बजावलं, "हा पुन्हा भीक मागताना सापडला तर हमी तुम्हाला भोवेल. दोघांनाही न्यावं लागेल." तिने मान डोलावली. जाळीचं दार उघडलं आणि सावकार एका पायावर खाली उतरला.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. सावकार आता आमच्याच शेजारी बसतो. तो सुधारला असं म्हणणं धाडसाचं होईल. मावशी पाणी भरायला गेली की त्याचा हात सवयीने पुढे जातो. ती परत येते आणि त्या पसरलेल्या हातावर फडकं ठेवते. मग तो निमूटपणे माझी काच पुसतो. ग्रंथपालबाई रोज उभ्या राहतात आणि आता डोळे मिटत नाहीत. शिंपी अजून भांडतो. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. तरी दर महिन्याला पाण्याचा डबा माझी परीक्षा घेतो, आणि मी अजून उत्तीर्ण होतो.

गाडी पुन्हा येईल. साहेब बदलतील, आणि नवे साहेबही कोपऱ्यावर उभे राहून मोजतील. त्या वेळी नुसती दया दाखवणारं माणूस आमच्या कामाचं नाही, आणि नुसता उपदेश करणारंही नाही. आम्हाला असं कोणी हवं आहे, जे पुढे होऊन म्हणेल, "या दोघांना मी ओळखतो." पण ओळख आयत्या वेळी होत नाही, ती आधी करून ठेवावी लागते. म्हणून घाईत असलात तरी आज घटकाभर थांबा. तिचं नाव विचारा, तुमचा आकडा ऐका, तिच्याशी अर्ध्या किलोवरून खुशाल भांडा. दोन्ही पाय नीट टेकवा. मी तयार आहे.